उसना पैलवान

उद्यमनगरात साडेसहाला लेथ थांबली,
कूलंटचा वास हातावरून जायला अजून तासभर होता.
दस्तगीर मुलाणी बाकड्यावर टेकला.
बावीस वर्षं वाळवंटात व्हॉल्व्ह फिरवून आलेला माणूस,
अजूनही चहाचा कप
बंद करायच्या दिशेनं फिरवत बसतो.

मी म्हटलं, चाचा, तुझ्या त्या मालकांच्या देशात
तेल तर नळाला येत असेल.
मग अणूची भट्टी कशाला हवीय त्यांना?
विजेसाठी?

तो हसला नाही.
"एक रात सांगतो.
सात नंबरच्या टाकीवर आभाळातनं कायतरी पडलं.
मीच रंगवून घेतल्याली, पांढरीशुभ्र.
कुंपणाच्या आत पाहुण्यांची पलटण व्हती,
दुसऱ्या देशाची. भारीतली यंत्रं, थंड खोल्या.
त्यांचा साहेब फोन कानाला लावून उभा.
पलीकडं त्यांच्या गावात दुपार,
परवानगी देणारा जेवाय गेलाता.
त्यो यीस्तवर
सात नंबर वाकली, मेणबत्तीगत.
पहाऱ्याचं बिल मात्र येळेवर आलं."

मला वडिलांनी सांगितलेले शिवलिंगप्पा आठवले,
शाहूपुरीतले गुळाचे अडते.
तिजोरी जड, म्हणून दारात पैलवान ठेवलेला.
खुराक शेटजींचा, वस्ताद दुसऱ्या पेठेचा.
चोर आले त्या रात्री वस्तादांचा निरोप होता:
आमच्या पोरानं आज उठायचं नाही.

मग शिवलिंगप्पांनी परसात स्वतःचा हौदा खणला.
तांबडी माती, ताक, हळद, लिंबू,
आणि तेल. तेलाला काय तोटा!
पोट सुटलेला माणूस
पहाटे चारला जोर काढायला लागला.
लोक हसले. आठवडाभरच.
मग शेजारच्या परसातून कुदळीचा आवाज यायला लागला,
मग त्याच्याही पलीकडून.

"म्हणजे चुकलं कोण?" मी विचारलं.
"मला इचारू नगंस," दस्तगीर म्हणाला.
"मी फकस्त टाकी रंगवल्याली."

तेवढ्यात वीज गेली.
सगळी गल्ली क्षणभर एकाच अंधारात, एकसारखी.
मग कुणाचा तरी जनरेटर खोकला, धरला.
लगेच समोरच्याचा. लगेच कोपऱ्यावरच्या फाउंड्रीचा.
डिझेलचा धूर भिंतीवरून आमच्याकडं आला.

आमच्याकडं जनरेटर नाही.
दस्तगीरला दिसू नये असा मोबाइल धरून
मी किमती बघायला लागलो.