दोन साक्षीदार

क्वॉर्नच्या बेकरीसमोर पहाटे साडेपाचला
आम्ही नऊ जण, तीन गाड्या,
आणि मर्विनचं नेहमीचं: पाणी मोजा, माणसं मोजा,
मग निघा.
वही माझ्याकडे. पेट्रोल पंपावर हिशेब लिहिते
म्हणून वॅलबींचाही मीच लिहायचा, असं ठरलेलं.
रकाने चार: वेळ, जागा, किती, कोणी पाहिल्या.
आणि पहिल्या पानावर नियम, लाल शाईत,
दोघांनी पाहिलं तरच पाहिलं.

फ्लिंडर्सच्या रांगा तेव्हा जांभळ्या होत्या,
मग विटकरी, मग एकदम
कुणी भट्टीचं दार उघडावं तशा.
एक एमू बाप पाच पिल्लं घेऊन रस्त्यात आडवा आला,
त्याला घाई नव्हती, आम्हीही हॉर्न दिला नाही.
कोरड्या ओढ्यात लाल निलगिरी उभ्या,
जुन्या पुराचा काटकुटा त्यांच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर.
पाणी इथे येतं तेव्हा सांगून येत नाही,
आणि तीन वर्षं झाली, आलेलंच नाही.

ग्लेनिसचा गुडघा पहिल्याच चढाला नाही म्हणाला.
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
थांबणं तिला ठाऊक आहे, पण असं नव्हे.
"जा रे, मी बर्फपेटी राखते,"
आणि घडीच्या खुर्चीत बसली,
आत्ताची नव्हे, दुपारची सावली बघून.

आम्ही चढलो.
स्पिनिफेक्सच्या सुया मोज्यांतून पोटरीत,
माश्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत, हक्काने.
क्लिफर्ड पुढे. डोंगर त्याच्या लोकांचा,
तो हे कधी बोलून दाखवत नाही,
फक्त एका घळीपाशी वाट सोडून लांबून वळतो,
आणि आम्हीही वळतो, न विचारता.
वॅलबीला तो आंदू म्हणतो.
आम्हा सगळ्यांच्या तोंडी आता तेच,
उच्चार ज्याचा त्याचा.

दिसलं काय?
रानशेळ्यांच्या लेंड्या.
निळी जीभ काढून आमच्यावर रागावलेला एक सरडा.
एक गरुड, इतका उंच
की दुर्बिणीवरून दोघांचं वाजलं.
आणि एका शिळेवर लाटा.
समुद्र इथून जाऊन कोट्यवधी वर्षं झाली,
त्याची एक वळी तशीच राहिलीय,
हात फिरवला की बोटांना कळते.
आंदू एकही नाही.
माथ्यावर सँडविच खाताना कुणी बोललं नाही.
"दुष्काळात शून्य हीसुद्धा मोजदादच," मर्विन म्हणाला.
मी शून्य लिहिलं,
मग पेन्सिल त्याच शून्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

उतरलो तेव्हा चार वाजून गेलेले.
ग्लेनिस खुर्चीतच. हात मांडीवर,
कपातला चहा गार, त्यात एक माशी.
"हळू," ओठ न हलवता म्हणाली,
"आत्ताच गेल्या. सात."

बर्फपेटीची तोटी सकाळपासून गळत होती,
वाळूत वीतभर ओल.
तिथे आल्या म्हणे, एकामागून एक,
पाय पिवळे, कान पिवळे,
शेपट्या पट्ट्यापट्ट्यांच्या, उरल्यासुरल्या लोकरीतून विणल्यासारख्या.
एकीच्या पिशवीतून डोकं बाहेर,
आईच्या तोंडावरचं पाणी त्यानेही चाटलं.
"तासभर नीट श्वास घेतला नाही मी.
गुडघासुद्धा गप्प होता."

मर्विनने टोपी काढली, पुन्हा घातली.
"दुसरा साक्षीदार?"
नियम मोडायचा होता त्याला,
पण तो त्यानेच लिहिलेला.

क्लिफर्ड ओलीपाशी उकिडवा बसला.
बोट न टेकवता, हवेतच
एकेक ठसा मोजत गेला,
मग उठून खुर्चीच्या मागे गेला
आणि तिथेच थांबला.
"आठ," म्हणाला.
"एक तुझ्या मागे उभी होती, ग्लेनिस.
बराच वेळ."

ती वळली.
मागे दगड, दगडांची सावली,
आणि ते दोन्ही नीट वेगळे करता येत नाहीत
अशी ती वेळ.

शून्य खोडलं नाही. ते माथ्याचं, ते खरंच.
खालच्या ओळीत आठ.
शेवटच्या रकान्यात ग्लेनिस, क्लिफर्ड,
एक डोळ्यांनी, एक वाळूवरून, एवढी जागा रकान्यात नव्हती.

निघताना मर्विनने माणसं मोजली.
नऊ.
"मागेही बघ रे," ग्लेनिस म्हणाली.
कुणी हसलं, कुणी नाही.
त्याने मागे पाहिलं.