नरसाळ्यावरचं कुलूप

पडद्याच्या कडेला एक नरसाळं आहे.
राखाडी. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं कुलूप.
बाण नेऊन टेकवला की म्हणतं,
ही सोय सशुल्क आवृत्तीत उपलब्ध आहे.
काल म्हणालं, आज सकाळपासून तीनदा म्हणालं,
न चिडता, बँकेतल्या बाईसारखं.

खाली गिरणीत सात चाळण्या.
सातांनाही ग्रीस लागतं, कुलूप एकीलाही नाही.
तूर वरून पडते,
फोल वेगळं, चुरी वेगळी, डाळ वेगळी,
आणि जळगावच्या एमआयडीसीभर
पिवळी धूळ, माझ्या कीबोर्डवरसुद्धा.

धरणगावहून फिरके व्यापाऱ्याचा फोन:
खडा निघाला. पंगतीत.
तोही व्याह्याच्या दाताखाली.
लॉट सतरा. अजून कोणाकोणाला गेलाय, सांगा.

सहा हजार दोनशे चौदा ओळी.
मला फक्त सतराच्या हव्यात.

मिश्रीलालजींना सांगितलं, विकत घ्यावं लागेल.
ते पावत्यांना टाचणी लावत म्हणाले,
फुकट मिळालंय ना? मग डोळे वापर.
तेही फुकटच आहेत.

मग फूटपट्टी घेतली.
पडद्यावर आडवी धरली
आणि एकेक ओळ खाली उतरत गेले,
विहिरीच्या पायऱ्या उतरतात तशी.

इद्रिस पिंजारीचा ट्रक
कधीच रात्री दोनच्या आत पोचलेला नाही.
पारोळ्याचे बोरसे नेहमी एक पोतं कमी घेतात
आणि पुढच्या खेपेला तेच जास्त मागतात.
गुमान पावरा, हमाल, रोज आहे, रोज आहे,
होळीला गावी गेला,
ओळ बावीसशे नव्वदनंतर नाही.
मी त्याला शोधत नव्हते.
कोणीच शोधत नव्हतं.
एका दुपारी वजनाच्या रकान्यात नुसतं टिंब:
वीज गेली होती की मीच कुठे गेले होते,
आठवत नाही.

चहा घेऊन द्वारकाबाई वर आली,
निवडणाऱ्या बायांत सगळ्यात जुनी.
काय करी ऱ्हायनी व माय?
निवडते आहे, म्हटलं.
ती वाकून बघत राहिली, ओळी सरकताना.
म्हणाली, चाळणीले दाय म्हाईत नही,
तिले फक्त तिना भोकं म्हाईत.
आणि कप ठेवून गेली.

सव्वासहाला सतरा सापडला. एकूण नऊ ठिकाणी.
चारदा मी लिहिलं होतं ‘लॉट १७’.
तीनदा ‘एल-सतरा’.
एकदा नुसतं ‘सतरा’, तेही वजनाच्या रकान्यात.
आणि फिरक्यांच्या ओळीत ‘७१’,
माझ्याच हाताने, खाली माझंच नाव.

म्हणजे कुलूप उघडलं असतं,
नरसाळ्याने चार ओळी दिल्या असत्या,
चारही बरोबर,
आणि मी घरी गेले असते.

सापडलं? मालकांनी विचारलं.
सापडलं.
बघ, म्हणाले, काय गरज होती?
या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.
ते निवडून काढायला वेळ लागला,
तोवर त्यांची स्कूटर फाटकाबाहेर.

रात्री डोळे मिटले तरी ओळी वर सरकत होत्या.
द्वारकाबाई सांगते, तिला बत्तीस वर्षं डाळ दिसते.
मला इद्रिस दिसला, बोरसे दिसले,
मग बावीसशे नव्वद,
मग बावीसशे एक्याण्णव.