सोडल्यावर उडी

"मावशी, एक्स दाबून धर. धर!
आता सोड."
मी दाबतच राहिले.
पडद्यावरचा पोरगा गुडघे वाकवून
थेट कठड्यावर आपटला,
उठला, पँटसुद्धा न झटकता.

"दाबल्याने उडी नसते गं, सोडल्याने असते,"
मृण्मय म्हणाला, तोंडात चकली.
"आणि रेलिंगवर तोल जाईल
त्याच्या उलट बाजूला अंगठा. हळू!"

तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं
कांद्याच्या हिशेबपट्ट्या लिहिल्या.
पेन कधी सैल धरलं नाही.

साडेअकरा. कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
खाली वॉचमनने गेट ओढलं.
मृण्मय सोफ्यावर आडवा, चकलीसकट.
मी आवाज बंद केला,
दाबून धरलं,
कठड्याच्या वीतभर अलीकडे
सोडलं.

पडला.
पण पलीकडे.