पाणी कुठवर आलं

आधी तो टिकटिकला.
घड्याळासारखा नाही.
कठीण सुपारीवर अडकित्ता
अडतो, सुटतो, पुन्हा अडतो, तसा.
मार्चएंड. सातपूरच्या ऑफिसातून घरी आणलेली चलनं,
आणि स्क्रीन निळी.

शालिमारच्या मागे तौसीफ बसतो.
दुकान म्हणजे एक टेबल, टेबलाएवढाच पंखा
आणि श्रीखंडाच्या डब्यांत स्क्रू.
कलिंगड पारखावं तशी त्यानं डिस्क कानाशी धरली.
"मावशी, बॅकअप?"
मी बाटलीतलं पाणी प्यायले, तहान नसताना.

पंचवटीतल्या गुरुजींच्या चोपडीत
आमच्या सात पिढ्या आहेत.
कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन,
कुणाची सही, कुणाचा अंगठा.
पान जीर्ण झालं की ते नव्यावर उतरवतात.
माझी अकरा वर्षं एकाच जागी होती.
"नाही," म्हटलं.

तो म्हणाला, आता हिला सारखं बंद-चालू नको.
जितक्यांदा जागी होईल, तितकी मरेल.
एकदाच उठवू. देईल ते घेऊ.
अडेल तिथे वाद घालायचा नाही,
पुढे जायचं,
मग मागे येऊन पुन्हा मागायचं.

मग ती हिरवी पट्टी.
नाशिकचं माणूस टक्के बघत नाही.
गंगापूरमधून सोडलं की आम्ही विचारतो,
पाणी कुठवर आलं?
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला. गुडघ्याला.
दुपारी कमरेला होतं,
तौसीफ नमाज पढून आला तरी कमरेलाच.
चारच्या सुमाराला छातीला लागलं
आणि तिथंच थांबलं.

फोटो आले. काही अर्धे.
हेमांगीच्या लग्नात माझ्या साडीखाली राखाडी पट्टा,
जणू गुडघ्यांपासून मी सिमेंटची.
नावं सगळी गेली, नुसते आकडे राहिले.
भाच्याचं जावळ आणि गॅसचं बिल
शेजारी शेजारी.

मान न वळवता त्यानं विचारलं,
"डिलीट केलेलंही दिसतंय. काढू?"
ते असतं, हेच मला माहीत नव्हतं.
पुसतो तो फक्त पत्ता, म्हणाला,
घर तसंच राहतं
दुसरं कुणी राहायला येईपर्यंत.

इंदिरानगरच्या फ्लॅटवरून भांडलो, ते वर्ष.
हेमांगीला दोन पत्रं लिहिली होती.
पहिलं रात्री अडीचला. न पाठवता पुसलं.
दुसरं सकाळी, पहिल्याबद्दल माफीचं.
तेही पुसलं.
जे तिनं वाचलंच नाही त्याची माफी कशी मागणार?

पहिलं जसंच्या तसं उघडलं.
स्वल्पविराम जागेवर.
"आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तू पाहुणी होतीस"
हेही जागेवर.
दुसऱ्यात चौकोन. चौकोन, चौकोन,
मध्येच "लोणचं", पुन्हा चौकोन,
शेवटी माझं नाव.

लोणचं का लिहिलं असेन,
दोन दिवस आठवतेय.

आठशे रुपये झाले.
जुनी डिस्क त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिली.
होळकर पुलावर रिक्षा अडकली.
खाली कुणी दिवे सोडत होतं,
कुणी निर्माल्य, पिशवीसकट.
ती माझ्या मांडीवर, अजून थोडी कोमट.
नाही टाकली.
नदीला आधीच पुरे झालंय.

घरी येऊन हेमांगीला फोन लावला, किती वर्षांनी.
म्हटलं, तुझ्या लग्नाचे फोटो आहेत का गं,
माझे गुडघ्यांखालचे गेलेत.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
मग नुसता तिच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.

मी वाद घातला नाही.
पुढे गेले, तिच्या पाठदुखीचं विचारलं,
उन्हाचं बोलले,
मग मागे येऊन
पुन्हा मागितले.