चुकीचे दोन सजदे

कौशात, टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
तुंगेकर सर नेतृत्व शिकवत होते.
नजरेला नजर द्या, म्हणाले,
खांदे ताठ, आवाज पोटातून.
पडद्यावर शिडी, शिडीवर टाय घातलेला माणूस,
त्याच्याही वर एक, आणखी रुंद टायचा.
मी वहीत सगळं उतरवलं.
फार्मसीचं दुसरं वर्ष,
आणि तेवीस मुलींनी हात वर करून
नुकतीच मला निवडलेली.

रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात मी हिशेब मांडला.
राशनच्या पिशव्या चाळीस, घरं चाळीस.
आवाज पोटातून.
मागून इफ्रा मुकादम उठली, पहिल्या वर्षाची,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत:
"आपा, अमृतनगरची सात घरं
दोनदा मोजलीत."

मी तिच्याकडे पाहिलं.
नजरेला नजर.
ती खाली बसली.
मी पुढचा मुद्दा घेतला.

त्या रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर तरावीह.
पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत चादरीचा पडदा,
पलीकडे पुरुष, अलीकडे आम्ही,
मधे कुणाचं तरी तान्हं, दोन्हीकडे रांगणारं.
इमाम एकोणीस वर्षांचा हाफिज, बीएस्सीचा,
सगळ्यांकडे पाठ करून उभा.
पुढे उभं राहायचं ते असं,
मागे कोण आहे ते न बघता.

दोन रकाती झाल्या, बसायचं होतं,
तो तिसरीला उठू लागला.
पुरुषांच्या रांगा झोपेत त्याच्यासोबत उठू लागल्या.
तेवढ्यात माझ्या डावीकडून आवाज आला,
तळव्यावर हाताच्या पाठीचा.
एकदाच.

तो थांबला. परत बसला.
हात कुणाचा, वळून पाहिलं नाही.
शेवटी त्याने चुकीचे दोन सजदे केले
आणि आम्ही सगळ्यांनी केले,
ज्यांची चूक नव्हती त्यांनीही.
दुसऱ्या सजद्यात
सतरंजीला मातीचा वास होता, थोडा रॉकेलचा,
आणि माझं कपाळ
जरा जास्तच वेळ खाली राहिलं.

सकाळी यादी घेऊन इफ्राकडे गेले.
माफी मागायचं वाक्य
जिन्यात चार वेळा म्हटलं होतं, तिथेच राहिलं.
"मोजूया," एवढंच म्हणाले.
मोजली.
दोनदा आलेली घरं सात नव्हती, सहा होती.

मी हाताची पाठ तळव्यावर मारली.
ती बघत राहिली क्षणभर,
मग इतकी हसली
की आतून तिची अम्मी विचारू लागली,
रोजा आहे ना गं तुमचा?

पेन्सिल घेतली,
पहिल्या घरापासून पुन्हा.