चूल सोडणांवर आणली त्या दिवशी

सकाळी नवाला लवू मेस्त्री आला,
खांद्यावर गोणपाट, त्यात छिन्नी, दोन पाने
आणि कुणाच्या तरी गेटाची कापून आणलेली जाळी.

रेशनवरचं रॉकेल बंद होऊन वर्ष उलटलं होतं.
तरी हे म्हणायचे, येईल.
आधी कॅनच्या तळातलं, मग बोटीवरचं डिझेल गाळून,
मग नुसताच धूर,
भिंतीवर काळी लव
आणि भाकरीला ट्रॉलरचा वास.

चूल ह्यांनीच केलेली, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी.
मोडीत निघालेल्या टाकीचा पत्रा, इंजिनाची तांब्याची नळी,
भिंतीवर डबा टांगलेला,
त्यातून तेल उतरायचं थेंब थेंब.
मागच्या अंगाला न्हाणीच्या पाण्याची टाकी;
एका आचेवर पेज आणि आंघोळ.
उभादांड्याच्या बायका बघायला आल्या होत्या.
तोटी फिरवली की आग लहान,
आणखी फिरवली की नाहीच.
मी बावीस वर्षांची. मनात म्हटलं,
सुटले, फुंकणी आता जन्मात हातात नको.

हे पडवीच्या टोकाला बसून होते,
चुलीकडे पाठ करून, जाळ्याची गाठ सोडवत,
जी गाठ नव्हतीच.

लवूने डबा उतरवला, नळी कापली.
बर्नरपाशी मात्र अडला.
पाना लावून लोंबकळला,
पायाने दाबलं, हातोडा घातला.
"हो बोल्ट मरान पडलो, वैनी.
जरा रॉकेल आसा काय? त्याका त्याल व्हया."
मला हसू आलं.
रॉकेल असतं तर, लवू, तू इथे कशाला असतास?
मग कापलेली नळी उभी धरली वाटीवर.
आली चार थेंबं, मग आणखी,
अर्धी वाटी भरली. कुठे लपलं होतं कोण जाणे.

तेल पाजलं. चहा झाला.
बोल्ट तसाच.

"उलटे आटे आसत त्येचे,"
पडवीच्या टोकावरून.
"डावीकडे खंय फिरवतस मेल्या, उजवीकडे फिरव."
लवूने पाना खाली ठेवला.
"सगुणदा, दोन तास झाले. आधी सांगूचा नाय?"
"माका कोणी इचारल्यान?"

उजवीकडे फिरवला. लोण्यासारखा सुटला.

दुपारी जाळी बसली, खाली राखेचा खण,
दाराला पत्र्याची झडप, वारा कमीजास्त करायला.
लवू सांगून गेला:
सोडणं घाला, करवंट्या घाला, सुरूची बोंडं चालतील,
काजूची टरफलं तेवढी नकोत,
त्यांच्यातही तेल असतं, घसा सोलून काढतं.

पैसे घेऊन तो गेल्यावर हे उठले.
वाटीत उरलेलं रॉकेल हातांवर ओतलं
आणि हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत,
जसे धक्क्यावरून आल्यावर धुवायचे.
आज ते हात कशालाच लागले नव्हते.
मी साबण पुढे केला. घेतला नाही.

पहिली पेज करपली.
ह्या आगीला तोटी नाही, तिला थांब म्हणता येत नाही,
नुसतं पुढचं सोडण द्यायचं नाही, एवढंच हातात.
डोळे चुरचुरले. फुंकणी नव्हती,
नळीचा कापलेला तुकडा होता तांब्याचा,
त्यानेच फुंकलं. तोंडात तेलाची चव.

रात्री दोनला कूस बदलली तर शेजारी कोणी नाही.
अंधारात चुलीपाशी हे,
हात भिंतीवर, जिथे तोटी असायची तिथे,
बोटं फिरवल्यासारखी.
टाकीतलं पाणी अजून कढत होतं,
भिंतसुद्धा कोमट.
मी काही बोलले नाही.
मग हात खाली आला, झडप थोडी उघडली,
निखारा लाल झाला, ह्यांचं नाक तेवढं दिसलं.

"सोडाण वला आसा," अंधारातून आवाज आला,
"उद्या माळ्यार सुकत घाल."