पाटी

ओसरी संस्थेची पाटी मी चार वेळा रंगवली.
पहिल्यांदा नव्वद साली, कोपरखैरणेत,
सिडकोच्या एका खोलीवर. खाडीकडे मिठागर होतं अजून.
पत्रा जुन्या शटरचा; ठोकून ठोकून सपाट केला
तरी लाटा राहिल्याच.
सबनीसबाईंनी वहीच्या पानावर मजकूर दिला:
अनाथ व अपंग बालकांसाठी.
साठ रुपये ठरले, तीस मिळाले.
उरलेले मी मुद्दाम मागत नाही.

अनुस्वार ओघळला होता. बाई म्हणाल्या, राहू दे,
इथं सगळेच थोडे ओघळलेले.

नव्व्याण्णवला ‘बालसंगोपन’ हा शब्द आला.
मुलं संस्थेत नकोत, घरात हवीत, बाईंचं म्हणणं.
घरं कुणाची?
सेक्टरमध्ये दार उघडलं, चहा मिळाला,
विचार करून कळवतो, म्हणाले.
घणसोलीत, तळवलीत, गोठिवलीत
जमिनी गेलेल्या लोकांनी विचार वगैरे केला नाही,
पाट सरकवून जागा केली.
काहींनी अनुदानासाठी केली, तेही सांगायला हवं.
यमी तीन घरांतून परत आली,
दर वेळी तीच स्टीलची ताटली घेऊन.
चौथ्या घराचं पत्र आलं तेव्हा
ती ताटली धुऊन दारात बसली होती.
ते घर आलंच नाही.

कांदा-बटाटा मार्केटात गोणीवर झोपलेला एक पोरगा,
कागदावर ‘अज्ञात, वय अंदाजे पाच, ऐकू येत नाही’.
आमची बारकी म्हणाली,
चार दिस ऱ्हाऊंदे आमचे घरान.
नाव ठेवलं पदाजी, तिच्या बापाचं.
त्याने ते कधी ऐकलं नाही.
जमिनीवर दोनदा पाय आपटला की वळतो.
ते चार दिवस अजून संपायचेत.

आठ साली ‘अपंग’ खरवडून ‘विशेष’.
एका बापाने विचारलं, विशेष म्हणजे काही सवलत का?
त्याच वर्षी गवंड्याने उतार केला, घसरगुंडीसारखा;
सुषमाची खुर्ची उलटी रस्त्यावर गेली.
फोडला. एक हात चढाला बारा हात लांबी,
हे आम्हाला त्या दिवशी कळलं.
लांबी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घुसली.
तो दावा अजून चालू आहे.

अठराला ‘दिव्यांग’.
बाई तोवर स्वतःच चाकाच्या खुर्चीत.
पाटीकडे बघून म्हणाल्या, दिव्य काय त्यात?
पालिकेच्या दारात उतार करा म्हणावं आधी.

आता नवे विश्वस्त म्हणतात, फ्लेक्स लावू,
हसऱ्या मुलाचा फोटो टाकू.
कुणाचं मूल? विचारलं.
मिळतात, म्हणाले.

दुपारी तीनच्या उन्हात
जुनी अक्षरं वर येतात रंगातून,
‘दिव्यांग’खाली ‘विशेष’, त्याखाली ‘अपंग’,
आणि तो ओघळ.
फ्लेक्सचं ठरेपर्यंत रंग घालून घ्या, बाईंचा निरोप आला.

माझा हात थरथरतो, म्हणून शिडीवर पदाजी.
मी खाली शिडी धरून.
त्याची शिरोरेषा डावीकडे कलते आहे.
मी शिडी दोनदा हलवली.
त्याने खाली पाहिलं. मी हाताने तिरपं दाखवलं.
त्याने ब्रश दातात धरला,
पत्र्यावर तळवा फिरवला, शटरच्या त्या जुन्या लाटेवरून,
आणि मला दाखवलं:
रेष नाही, पत्रा.